पातेल्यातला हिरवा दोरा

पातेल्यावरचं झाकण उचललं आणि मी बघतच राहिले. कोबीच्या पाण्यात मांसाचा तुकडा शिजत होता. चांगला तळहाताएवढा, डुकराच्या खांद्याचा, कडेला चरबी. संप सुरू झाल्यापासून आमच्या घरातच काय, अख्ख्या वस्तीत कुणाच्या चुलीवर मांस चढलं नव्हतं. कंपनीच्या दुकानाचं दार आम्हाला बंद होतं, बटाट्यांच्या पोत्याचा तळ दिसायला लागला होता, आणि माझं तान्हं पोर छातीशी लुचून लुचून रडायचं, कारण अंगावर दूधच येत नव्हतं. मी खाणीच्या कचऱ्याच्या ढिगावर कोळशाचे तुकडे वेचायला गेले, तेवढ्यात हे मांस इथं आणून टाकलं कुणी?

मग मांसाला बांधलेला दोरा दिसला. हिरवा दोरा. माझ्या भावाचा, इम्रिखचा.

मी खाणावळ चालवायची. पेन्सिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात आम्हा स्लोवाकांची वस्तीच होती, आणि बिनबायकोचे पुरुष माझ्या माळ्यावर राहायचे. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा. जेवणाची रीत अशी की ज्यानं त्यानं आपलं मांस आपण आणायचं, त्याला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा आणि माझ्या पातेल्यात सोडायचं. मांस ज्याचं त्याचं, रस्सा सगळ्यांचा. ब्लाझेयकाकांचा दोरा काळा, पाल्कोचा पिवळा, माझ्या नवऱ्याचा, मातूशचा, लाल. हसायचं त्याला हसू दे, पण या दोऱ्यांमुळे माझ्या घरात जेवणावरून कधी वाजलं नाही.

आणि आता संपाच्या ऐन भरात एक दोरा पातेल्यात तरंगत होता. संपात मांस कुणाकडे असतं, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. जो मागच्या फाटकातून गुपचूप खाणीत उतरतो, त्याच्याकडे. संपफोड्याकडे.

आमच्यात संपफोड्याची शिक्षा ठरलेली. जेवायला बसला की त्याचं ताट त्याच्यासमोर पालथं घालायचं. ताट पालथं झालं की तो माणूस त्या घराचा उरत नाही. मग बाया डबे-पातेली बडवत त्याला ओढ्यावरच्या पुलापर्यंत घालवतात, आणि पूल ओलांडला की तो आपल्याला मेला. खरोखर मेला तरी आमचं मयतीला मदत करणारं मंडळ त्याच्यासाठी चर्चची घंटा वाजवत नाही की त्याला खांदा देत नाही. आणि ताट पालथं घालायचं काम असायचं संपाच्या समितीच्या माणसाकडे. आमच्या वस्तीतला समितीचा माणूस म्हणजे माझा नवरा.

इम्रिख आज घरीच होता, मागच्या दारात लाकडं फोडत होता. मी त्याला बाहीला धरून आत ओढलं आणि मांस कुठून आणलं ते विचारलं. तो हसला. तिकडे गावी असताना थंडी सुरू झाली की घरोघरी डुकरं कापायला यालाच बोलवायचे, असा हात होता त्याचा. इथं आला आणि दुसऱ्याच्या हाताखाली कोळसा ओढायला लागला. अंधाराला घाबरायचा, पण कधी तक्रार केली नाही. बोलायचा कमी, आणि एकदा ठरवलं की बैलासारखा अडून बसायचा. गेला आठवडाभर तो उजाडायच्या आधी बाहेर पडत होता आणि दिवस मावळल्यावर येत होता. कुठं जातोस विचारलं की पोरांसारखा ओठ मिटून घ्यायचा.

"रविवारी सांगेन," तो म्हणाला. "शब्द दिलाय मी, ताई."

"मला तरी सांग. मी काय डांगोरा पिटणार आहे?"

"तुला सांगितलं तर तू मातूशला सांगशील, मातूश समितीला सांगेल, आणि समितीत कंपनीचे कान किती आहेत ते तुलाच ठाऊक आहे. रविवारपर्यंत थांब. तू दोन वाट्या रस्सा पी, पोराला दूध येईल."

मी म्हटलं, मग निदान तो दोरा तरी सोडून टाक, कुणाचं मांस ते कळायला नको. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वंगाळ बोलले.

"का? चोरीचं आहे?"

मेल्यानं दोरा काही सोडला नाही.

मांस शिजायला लागलं की वास कुणाच्या बापाचं ऐकतो? शेजारची उल्याना चिमूटभर मीठ मागायच्या निमित्तानं आली. तिच्या घरात मीठ होतं, मला माहीत होतं. चुलीकडे मान लांबवून तिनं वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मीठ न घेताच गेली.

दुपारी पुरुष जेवायला बसले. मी रस्सा वाढला. ब्लाझेयकाकांची छाती खाणीच्या धुळीनं पार भरून गेलेली, चार पावलं चालले तरी धाप लागायची त्यांना. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून प्यायले. पाल्कोनं वाटी चाटून पुसून लख्ख केली. मातूशनंही रस्सा संपवला. सगळ्यांच्या तोंडाला रंग आला. आणि मग, सगळं पिऊन झाल्यावर हं, पाल्कोनं विचारलं की हा हिरवा दोरा कुणाचा.

"माझा," इम्रिख म्हणाला.

"आणि मांस?"

"तेही माझंच."

पाल्कोनं विचारायचं ते सगळं विचारलं. उजाडायच्या आधी कुठं जातोस? फाटकावरचे कंपनीचे बंदूकवाले तुला ओळखतात का? बोलत नाहीस ते तोंडात कोळसा भरलाय म्हणून का? इम्रिख एकच सांगत होता, रविवारी सांगेन. मातूशनं जबडा आवळला होता. मला तो माहीत होता, त्याचा जबडा आवळला की समजायचं आता हा कुणाचं ऐकायचा नाही. आदल्याच आठवड्यात त्यानं उल्यानाच्या दिराचं ताट पालथं घातलं होतं. आता आपल्या मेव्हण्याला सोडलं, तर उद्या वस्तीनं त्याच्या तोंडावर थुंकलं असतं, आणि संप त्याच दिवशी फुटला असता. हे मलाही कळत होतं. पण कळून करायचं काय? माझा भाऊ होता तो.

मी पळी आपटली आणि म्हटलं, अरे, डोकी आहेत की भोपळे? खाणीत लपून जाणारा माणूस आपल्या मांसाला आपल्या रंगाचा दोरा बांधून सगळ्यांच्या पुढ्यात शिजवील का? पाल्को म्हणाला, माज आलाय त्याला. मातूशनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"इम्रिख, शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "कुठून आणलंस?"

"रविवारी."

मातूशनं हात लांब केला आणि इम्रिखचं ताट पालथं घातलं.

इम्रिख त्या पालथ्या ताटाकडे बघत बसला. त्याला खरंच वाटलं नव्हतं असं होईल. मलाही वाटलं नव्हतं. उठून मातूशचा हात धरावा, ते ताट सरळ करावं, एवढंही मला सुचलं नाही. इम्रिखनं टोपी घेतली, खुंटीवरचं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी कोटात घातलं, आणि माझ्या पोराच्या गालाला बोट लावून बाहेर पडला.

बाहेर बाया आधीच जमल्या होत्या. उल्याना सगळ्यात पुढं, हातात घमेलं. तिच्या दिराच्या वेळी बाकीच्यांनी बडवलं होतं, आता तिची पाळी होती. माझ्या हातात पातेल्याचं झाकण तसंच होतं. कुणीतरी ओरडलं, बडव की गं वेरोना, भाऊ म्हणून सोडणार का? मी झाकण पोटाशी धरून त्यांच्यामागून चालत राहिले. जमिनीवर दहिवर गोठलं होतं आणि इम्रिख मागं वळून न बघता भराभरा चालला होता. त्याला डोंगरापलीकडेच जायचं होतं, ते मला नंतर कळलं.

पुलापलीकडे आयरिश लोकांची वस्ती. तेही संपातच होते, आणि त्यांच्या एका माणसाला कंपनीच्या बंदूकवाल्यांनी नुकतंच गोळी घालून मारलं होतं. त्यांनी डब्यांचा आवाज ऐकला. त्या आवाजाचा अर्थ त्यांनाही माहीत होता. इम्रिख पुलाच्या मधोमध पोचला तेव्हा पलीकडून दगड यायला लागले. आमच्याकडून घालवून द्यायची रीत होती, मारायची नव्हती. मी ओरडले, आमच्या बायाही ओरडल्या, पण आमचे डबे अजून वाजतच होते, कोण कुणाचं ऐकणार? एक दगड त्याच्या कानशिलात बसला. तो कठड्यावरून खाली ओढ्यात गेला, थेट खडकावर.

पाण्यातून वर काढला तेव्हा संपला होता. मला काही पटतच नव्हतं. मी त्याचे गाल चोळत होते आणि म्हणत होते, ऊठ रे, रविवारी सांगणार होतास ना? बायांनी घमेली खाली ठेवली. पाल्कोनं त्याच्या कोटातलं फडकं सोडून बघितलं, तर आत सुरी निघाली. बघा, म्हणाला, हा सुरी बाळगून होता.

मी त्याला घरी आणून न्हाऊ घातलं. खाणीत उतरणाऱ्या माणसाला न्हाऊ घालणं काय असतं, ते आमच्या बायकांना विचारा. कितीही घासा, पापण्यांच्या कडेला आणि कानांच्या वळ्यांत काळं राहतंच. इम्रिखच्या कानात काळ्याचा ठिपका नव्हता. मानेवर नाही, पापण्यांत नाही, नखांत नाही. नखांत दुसरंच होतं. वाळलेलं रक्त, आणि राठ पांढरे केस. डुकराचे.

मी मातूशला हाक मारली. दिवा जवळ धरून त्याला कान दाखवले, नखं दाखवली. हा माणूस संपात एकदाही खाली उतरलेला नाही, मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी बघ. त्यानं दिवा आणखी जवळ घेतला. मग म्हणाला, ओढ्यात धुऊन गेलं असेल.

"कानातलं? तुझ्या कानातलं मी इतकी वर्षं घासतेय, गेलंय कधी?"

तो उठून बाहेर गेला. मी मंडळाकडे गेले. म्हटलं, घंटा वाजवा, चार माणसं द्या, माझा भाऊ संपफोड्या नव्हता. मंडळाचे लोक वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला दिलं, पाणी दिलं. पण समितीनं ताट पालथं घातलं असेल तर आमचे हात बांधलेले, म्हणाले. मातूशनं येऊन सांगितलं तर बघू. मातूश काही आला नाही. फादरनी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर दोन शब्द म्हटले तेवढेच. एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं धापा टाकत ब्लाझेयकाका, असा आम्ही त्याला हातगाडीवरून नेला. वाटेत प्रत्येक दार बंद होतं. घंटेशिवाय माणूस पुरणं इतकं भयंकर असेल असं मला वाटलं नव्हतं. मातीचं ढेकूळ पडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता.

रविवार उजाडला. प्रार्थना आटोपून लोक चर्चबाहेर उभे होते, तेव्हा पुलावरून चाकांचा खडखडाट ऐकू आला. आधी सगळ्यांना वाटलं बंदूकवाले आले. पण त्या शेतकऱ्यांच्या गाड्या होत्या, एकामागून एक. काळ्या रुंद टोप्यांची, दाढीवाली माणसं. गाड्यांत बटाटे, कोबी, पिठाची पोती, आणि कापडाखाली अर्धी अर्धी कापलेली डुकरं. आमच्या लोकांनी तोंडात बोटं घातली. या डोंगरात शेतकरी आम्हाला कुत्र्यासारखं हाकलायचे, आणि आज हे?

पुढच्या गाडीवरून एक थोराड म्हातारा उतरला. ट्रेक्सलर त्याचं नाव. डोंगरापलीकडच्या त्या लोकांची बोली जर्मन. मातूश तिकडे मायदेशी बादशहाच्या फौजेत असताना जर्मन शिकला होता, आमच्यात ती येणारा तो एकटाच. लोकांनी त्याला पुढं ढकललं. म्हातारा एकेक वाक्य बोलायचा आणि मातूश मोठ्यानं आमच्या भाषेत सांगायचा.

तो म्हणतोय, मातूश सांगत होता, आम्ही या भागातले शेतकरी, आमचंही मंडळ आहे. रेल्वेवाल्यांनी आमच्या धान्याचं भाडं वाढवून वाढवून आम्हाला नागवलंय, आणि ती खाणही त्या रेल्वेवाल्यांचीच. हे आम्हाला आधी सुचलं नव्हतं. आम्हाला वाटायचं तुम्ही परके, दारू पिऊन मारामाऱ्या करणारे. लोक हसले. मातूशही थोडा हसला. त्याची छाती फुगली होती, कारण समितीला जे जमलं नव्हतं ते दारात चालत आलं होतं.

"तो म्हणतोय," मातूशनं पुढं सांगितलं, "तुमचा एक माणूस आमच्याकडे आला. आमची भाषा त्याला येत नव्हती. त्यानं पोटावर हात ठेवला, मग डोंगराकडे बोट दाखवलं, मग आमच्या गोठ्यातल्या..."

तो थांबला. म्हातारा त्याच्याकडे बघत वाट पाहत होता.

"बोल," मी म्हटलं.

"गोठ्यातल्या डुकराकडे बोट दाखवलं. आणि सुरी काढली." मातूशचा आवाज उतरला होता, पण चौकात सगळं ऐकू येत होतं. "आठवडाभर तो आमच्याकडे रोज येऊन डुकरं कापत होता. इतका सफाईदार हात आम्ही पाहिला नव्हता. मजुरी घेईना. खुणेनं म्हणायचा, त्याच्या बदल्यात तिकडे खायला पाठवा. आम्ही त्याला खुणांनीच समजावलं, शनिवारी सभेत ठरून रविवारी गाड्या येईपर्यंत कुणाला बोलू नको. रेल्वेवाल्यांना आधीच कळलं, तर ते आमचे दुधाचे डबे उचलणार नाहीत. त्यानं छातीवर हात ठेवून शब्द दिला. गेल्या खेपेला आग्रह करकरून एक तुकडा तेवढा हातात कोंबला, तोसुद्धा त्यानं तिथं खाल्ला नाही, बांधून नेला."

म्हाताऱ्यानं आणखी काहीतरी विचारलं. मातूशनं ते सांगितलं नाही. म्हाताऱ्यानं गर्दीवर नजर फिरवून परत तेच विचारलं, आणि त्यात इम्रिख हे नाव सगळ्यांना ऐकू आलं. उल्यानानं डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला.

"काय विचारतोय तो?" मी म्हटलं. "सांग सगळ्यांना."

"विचारतोय, इम्रिख कुठाय," मातूश म्हणाला. "म्हणतोय, तो खुणेनं सांगून गेला होता. मी पुलावर उभा राहीन, तिथून तुम्हाला घरं दाखवीन."

मी कुंपणाबाहेरच्या ताज्या मातीकडे बोट केलं. म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. मग त्यानं टोपी काढली, आणि मागच्या गाड्यांवरच्या सगळ्यांनी काढली. पुलापलीकडचे आयरिश गाड्यांमागून आले होते, तेही उभे राहिले. दगड कुणाचा होता ते तेव्हाही कुणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. दगड ज्याचा असेल त्याचा, डबे आमचे होते.

मग मंडळाची लोकं धावली आणि घंटा वाजवायला लागली. वाजवा म्हटलं, आता हौसेनं वाजवा. मी तिथं थांबले नाही. माझ्या वाट्याचं मांस उचललं आणि घरी येऊन चूल पेटवली. संताप इतका होता की सुरी दोनदा निसटली. इम्रिखचीच सुरी होती ती.

माणसं जेवायला आली तेव्हा पातेलं भरून रटरटत होतं. कुणाचाच दोरा त्यात नव्हता. बांधायचं कुणाला सुचलं नव्हतं, की लाज वाटली होती, देव जाणे. एक दोरा मात्र मी बांधला होता, सगळ्यात मोठ्या तुकड्याला. मी रस्सा वाढला. ब्लाझेयकाकांनी वाटीला हात लावला नाही, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पाल्को मान खाली घालून बसला होता. मी पळीनं तो हिरव्या दोऱ्याचा तुकडा उचलला आणि मातूशच्या ताटात वाढला.

"वेरोना," तो म्हणाला.

"खा."

"मला काय माहीत होतं..."

"रविवारपर्यंत थांबायचं माहीत होतं. त्यानं तेवढंच मागितलं होतं. खा आता, रविवार आहे."

मग त्यानं तो तुकडा उचलून परत पातेल्यात सोडला. ताटातला रस्सा सांडू नये म्हणून भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतला, ती भाकरी माझ्यासमोर ठेवली, आणि स्वतःचं ताट पालथं घातलं.

टोपी न घेताच तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला. बाहेर बाया उभ्या होत्या. कुणी डबे वाजवले नाहीत. मी पोराला छातीशी घेऊन दारात उभी राहिले आणि तो पूल ओलांडेपर्यंत बघत होते. मी त्याला हाक मारली नाही.